नाणं बिघडलं कुठे?

लक्ष्मीपूजनाचा डबा किंवा आजीचा बटवा रिकामा करून जुनी नाणी चादरीवर पसरली की त्यांत एखादं तरी विचित्र निघतंच. कुणाची कड एका बाजूने कमानदार कापलेली, कुणावरचे अशोकस्तंभाचे सिंह मधोमध न बसता एका कडेला सरकलेले, कुणाचं साल गायब, तर कुणाच्या आकड्याला चिकटून त्याच आकड्याची दुसरी रेघ. घरातलं कुणीतरी लगेच सांगतं, "जपून ठेव, अशा नाण्यांचे लाखो रुपये मिळतात म्हणे." दुसऱ्याचं मत वेगळं असतं. "कसले लाखो? कुणीतरी रेल्वेच्या रुळावर ठेवलं असेल."

यातलं खरं काय, हे ठरवायला फार सामग्री लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एक लोहचुंबक आणि शेजारी ठेवायला त्याच प्रकारचं एक धडधाकट नाणं, एवढं पुरतं. लागते ती टाकसाळीच्या कामाची माहिती. नाणं किती विचित्र दिसतं यावरून काहीच ठरत नाही, कारण हातोडी, आम्ल आणि आगगाडीचं चाक यांच्याकडून टाकसाळीपेक्षा कितीतरी चमत्कारिक नाणी तयार होतात. आपण विचारायचं ते एवढंच: जे झालंय, ते नाणं घडण्याच्या कोणत्या टप्प्यावर होऊ शकेल? टप्पा सापडला तर पुढे तपासत जायचं. कुठलाच टप्पा जुळत नसेल, तर तो बिघाड नाणं टाकसाळीबाहेर पडल्यानंतरचा.

पट्ट्यापासून नाण्यापर्यंत

धातू वितळवून, लाटून आधी ठराविक जाडीचा लांब पट्टा तयार करतात. त्यातून यंत्र गोल चकत्या कापून काढतं. मोठी पोळी लाटून तिच्यातून वाटीने पुऱ्या पाडाव्यात, तसंच हे काम. उरलेला जाळीदार पट्टा पुन्हा वितळवायला जातो. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात आणि मग एका निमुळत्या खाचेतून दाबत फिरवतात. त्याने चकतीची कड किंचित वर उचलली जाते. नाण्याच्या दोन्ही तोंडांवर भोवताली जी उंच किनार दिसते, तिची सुरुवात इथे होते.

आता चकती छापयंत्रात जाते. तिथे खाली एक पोलादी ठसा, वर दुसरा, आणि चकतीभोवती घट्ट बसणारं पोलादी कडं असतं. क्षणार्धात काही टनांचा दाब पडतो. धातू थंडच असतो, तरी त्या दाबाखाली तो सरकतो. ठशात जिथे खोदकाम आहे तिथे वर चढतो, बाहेरच्या बाजूला पसरू पाहतो आणि कड्याला अडून थांबतो. कड्याच्या आत खाचा असतील तर त्या नाण्याच्या कडेवर उमटतात. लगेच नाणं बाहेर ढकललं जातं आणि पुढची चकती आत येते.

म्हणजे टाकसाळीच्या चुका तीनच ठिकाणी होऊ शकतात: चकतीत, ठशात किंवा दाब पडण्याच्या क्षणी. या क्षणाला सरकलेल्या धातूची एक ओळख असते. त्याचे उंचवटे भरीव आणि गोलसर असतात, मोकळी जागा सपाट असते आणि सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी झळाळी किंवा एकसारखी झीज असते. नंतर झालेल्या इजेत धातू ओरबाडला जातो, चेपला जातो किंवा नाहीसा होतो. पुढची सगळी तपासणी या फरकावर उभी आहे.

चुका शोधण्याआधी, चूक नसलेल्या गोष्टी बाजूला काढायला हव्यात. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टाकसाळी आहेत. सालाखाली मुंबईची खूण हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, हैदराबादची चांदणी आणि नोएडाची ठिपका. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. त्यामुळे 'टाकसाळीची खूण नसलेलं दुर्मिळ नाणं' म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुधा कोलकात्याचं अगदी साधं नाणं असतं. दहा रुपयांच्या नाण्याचंही तसंच. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं की नसलेलं, यावरून दुकानांत इतके वाद होऊ लागले, की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं: तोवर काढलेल्या दहा रुपयांच्या नाण्यांचे १४ नमुने आहेत आणि ते सगळे चलनात वैध आहेत.

कड कापलेलं नाणं

पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरीची एक बाजू कमानदार तुटते. पट्टा पुरेसा पुढे सरकला नाही तर टाकसाळीतही हेच होतं. अशी अर्धवट चकती तशीच पुढे जाऊन छापली गेली, तर नाण्याला कमानीसारखी खोबण राहते. संग्राहक याला 'क्लिप' म्हणतात. नवख्या माणसाने अभ्यास करायला हा सर्वांत चांगला नमुना, कारण खऱ्या क्लिपच्या अंगावर पुरावे बरेच असतात आणि फसवणाऱ्याला ते सगळे एकदम जमवता येत नाहीत.

१९९२ पासून निघालेलं तांबं-निकेलचं जाड पाच रुपयांचं नाणं घ्या. त्याचं वजन ९ ग्रॅम. त्याला क्लिप असेल तर काटा तेवढा कमी भरणारच, पण कानशीने घासलेलं नाणंही कमी भरतं, म्हणून भिंग खोबणीपाशी न्या. छापताना धातू पसरायला जागा शोधत असतो आणि खोबणीच्या बाजूला त्याला अडवणारं कडं नसतं. तो त्या मोकळ्या जागेकडे सरकतो. त्यामुळे खोबणीजवळची अक्षरं तिच्या दिशेने ओढली गेल्यासारखी, फिकी आणि पसरट दिसतात, आणि खोबणीची धारही बोटाला लागत नाही. आता नाणं फिरवून खोबणीच्या बरोबर समोरची बाजू पाहा. तिथली किनार बहुधा पुसट असते. कड उचलताना चकती दोन समोरासमोरच्या बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला खोबण आली की तिथे दाबायला काही उरत नाही, आणि त्याच क्षणी समोरच्या बाजूवरचाही दाब सैल पडतो. संग्राहक याला 'ब्लेक्सली परिणाम' म्हणतात. प्रत्येक खऱ्या क्लिपमध्ये तो दिसेलच असं नाही. दिसला तर मात्र पुरावा भक्कम आहे.

घासून किंवा कापून केलेल्या नाण्यात याच्या उलट चित्र असतं. अक्षरं पूर्ण उंचीने कापाच्या टोकापर्यंत येतात आणि तिथे चाकूने छाटल्यासारखी थांबतात. काप धारदार असतो, त्यावर कानशीच्या समांतर रेघा असतात, आणि जुन्या काळवंडलेल्या नाण्यावर तेवढाच भाग ताजा, चकचकीत दिसतो. समोरची किनार पूर्ण असते.

चकतीचा आणखी एक दोष म्हणजे पापुद्रा सुटणं. वितळवताना धातूत मळ किंवा हवा अडकली तर लाटताना त्याचा थर बनतो आणि पुढे तो सोलला जातो. सोललेल्या जागेचा तळ खडबडीत आणि धातूच्या तंतूंच्या दिशेने रेघांचा असतो. टोकदार वस्तूने खरवडलेल्या जागेत तशी एकच दिशा सापडत नाही.

उंच रेघ आणि खोल रेघ

एवढा एक भाग लक्षात राहिला तरी निम्म्याहून जास्त संशय घरीच मिटतात. ठशात जे खोल असतं, ते नाण्यावर उंच येतं. लाखो वेळा आपटून ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, नागमोडी, बारीक रेघ उमटते. नाण्यावर नंतर ओरखडा पडला तर रेघ खोल असते आणि तिच्या दोन्ही काठांवर बाजूला ढकललेल्या धातूचे बारीक बांध दिसतात. दिव्याचा उजेड एका बाजूने तिरपा पाडून नाणं हळूहळू फिरवलं की उंच काय आणि खोल काय ते सावलीवरून कळतं. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक पुष्कळदा उलटा दिसतो, म्हणून फोटोवरून निकाल देऊ नये.

तडा वाढत जाऊन ठशाच्या कडेचा तुकडाच निखळला तर नाण्यावर त्या जागी किनारीला लागून धातूचा बिनचित्राचा ढेकूळ उठतो. असाच ढेकूळ डाख किंवा चिकट पदार्थ लावूनही करता येतो. इथे नाणं उलटून पाहावं. खऱ्या ढेकळात बराच धातू पोकळीत चढलेला असतो, म्हणून त्याच्या बरोबर मागच्या जागेला धातू कमी पडतो आणि तिथलं चित्र फिकं येतं. मागचं चित्र खणखणीत असेल तर ढेकूळ बाहेरून आलेला आहे.

कधी चकती आत यायची राहते आणि दोन्ही ठसे थेट एकमेकांवर आपटतात. मग एका ठशाच्या चित्राची बाह्यरेषा दुसऱ्यावर उमटते आणि त्यानंतरच्या सगळ्या नाण्यांवर, चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत, मागच्या बाजूची पुसट उलटी आकृती दिसत राहते.

सालाचा एखादा आकडा गायब असणं हे सर्वांत जास्त विचारलं जाणारं कोडं आहे. ठशाच्या खोदकामात वंगण आणि धातूची भुकटी साचली की त्या आकड्यात धातू चढत नाही. मग आकडा नसतो किंवा मऊ, अर्धवट उठतो, पण त्याच्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूच्या पातळीतच आणि त्याच पोताचा असतो. खरवडून काढलेल्या आकड्याच्या जागी बारीकसा खड्डा लागतो आणि चमक बदललेली असते. नाणं तिरपं धरून उजेड त्यावरून सरकवला की तो डाग लगेच दिसतो.

दुहेरी आकडे

१९५५ मध्ये अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टाकसाळीतून एक सेंटची काही नाणी अशी बाहेर पडली, की त्यांच्यावरचं साल आणि अक्षरं साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसत होती. 'डबल डाय' हा शब्द जगभर लोकप्रिय झाला तो मुख्यतः या नाण्यामुळे. त्या काळी ठसा तयार करताना उठावाचा मूळ साचा पोलादात एकदा दाबून भागत नसे. मध्ये पोलाद तापवून मऊ करून पुन्हा दाबावा लागे. दुसऱ्या वेळी साचा किंचित फिरलेला बसला की ठशातच दोन प्रतिमा खोदल्या जात, आणि त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं हुबेहूब तसंच दुहेरी होई. अशा दुहेरीत दोन्ही प्रतिमा भरीव आणि गोलसर असतात, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांपाशी त्या दोघींमधली फट दिसते.

बाजारात 'डबल डाय' म्हणून विकली जाणारी बरीच नाणी मात्र दुसऱ्याच प्रकारची असतात. यंत्रात ठसा थोडा सैल बसलेला असेल तर दाब दिल्यानंतर उचलला जाताना तो जरा सरकतो आणि नुकत्याच उठलेल्या आकड्याची एक बाजू चेपून टाकतो. मग आकड्याला लागून एक सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ आकडा तेवढाच अरुंद होतो. आता हेही टाकसाळीतच झालेलं आहे, त्यामुळे विकणारा खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही. पण हा प्रकार इतका सर्रास होतो, की जाणकार त्याला वेगळी किंमत देत नाहीत, आणि माझ्या मते देऊही नये.

सरकलेला छाप, उलटा छाप

चकती कड्यात नीट बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकतं आणि दुसऱ्या बाजूला कोरी कोर उरते. इथे आधी वजन करावं. चित्र अर्धंच असलं तरी धातू पूर्ण असतो, म्हणून वजन नेहमीएवढंच भरतं. कड्याचा आधार नसल्यामुळे नाणं पूर्ण गोल राहत नाही, आणि कोऱ्या भागाच्या कडेवर खाचाही नसतात. दोन्ही बाजूंचे छाप एकाच दिशेला, सारखेच सरकलेले असतात. वजन कमी, आकार अचूक गोल आणि चित्र मात्र एकीकडे, असं दिसलं तर नाणं नंतर कुणीतरी घासून लहान केलेलं आहे.

कडं खालीच अडकलं तर चित्र मध्यभागी येतं, पण नाणं पसरट आणि व्यासाने मोठं होतं. हातोडीने ठोकलेलं नाणंही पसरतं. फरक अक्षरांत आहे: टाकसाळीतल्या पसरट नाण्यावर अक्षरं खुटखुटीत असतात, ठोकलेल्यावर ती जाड, चपटी आणि कडेपर्यंत वाहत गेलेली. रुळावर चिरडलेलं नाणं तर एकाच दिशेने लांब होतं आणि त्यावरचे सिंहही त्याच दिशेने ताणले जातात.

यांत सर्वांत देखणी चूक म्हणजे 'ब्रोकेज'. आपल्याकडच्या नाण्यांच्या बाजारात तिला 'लखी' म्हणतात. छापलेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं. पुढची चकती आली की तिच्या एका बाजूवर ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूवर, ठशाऐवजी, ते चिकटलेलं नाणं दाबलं जातं. परिणामी दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, एकीकडे सुलट आणि उंच, दुसरीकडे उलटं आणि खोल. हे नक्कल करायला सोपं वाटतं, आणि गॅरेजमधल्या शेगड्यात दोन नाणी एकमेकांवर आवळून तसा प्रयत्न होतोही. पण त्या वेळी खालच्या नाण्यावर चित्र आधीच असतं. भिंगातून पाहिलं की खोल उमटलेल्या उलट्या अक्षरांच्या मधून मूळ चित्राचे चेपलेले अवशेष डोकावतात, आणि मागची बाजूही शेगड्याच्या जबड्याखाली चपटी झालेली असते. खऱ्या ब्रोकेजची खोल बाजू स्वच्छ असते. तिच्यावर दुसरं काही कधी छापलेलंच नसतं.

एक चूक अशीही आहे, जी घरी बसून कुणाला करताच येत नाही. प्रजासत्ताक भारताचं बहुतेक कुठलंही नाणं सिंह सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं उलटलं, तर मागची बाजूही सरळ येते. यंत्रात एखादा ठसा फिरला असेल तर मागचा आकडा तिरपा किंवा थेट उलटा येतो. एकाच धातूच्या नाण्याच्या दोन बाजू नंतर फिरवता येत नाहीत, म्हणून नाणं अखंड असेल तर ही चूक टाकसाळीचीच. थोडासा तिरपेपणा अगदी नेहमीचा आहे. काटकोनाच्या पुढे गेला तर त्याला संग्राहकांकडे मागणी असते.

दोन्हीकडे छापा, आणि मधलं गायब

'शोले'तल्या जयचं दोन्हीकडे सारखं असलेलं नाणं १९७५ पासून सगळ्यांच्या मनात आहे. अशी नाणी जादूगारांसाठी तयार केली जातात. एक नाणं आतून कोरून त्याची वाटी करतात, दुसरं पातळ घासून तिच्यात बसवतात. सांधा किनारीच्या आतल्या बाजूने जातो, तिथे भिंगातून गोल फट दिसते. वजन थोडं चुकतं, आणि फरशीवर टाकलं की आवाज बद्द येतो. छापयंत्रात वरचा आणि खालचा ठसा साधारणपणे वेगळ्या बांधणीचे असतात, त्यामुळे दोन सारखे ठसे एकत्र लागणं जवळजवळ अशक्य असतं.

दहा रुपयांच्या द्विधातूच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि मधली चकती एकाच दाबात जोडली जातात. मधली चकती नसतानाच दाब पडला तर कड्याचा धातू आत, रिकाम्या भोकाकडे पसरतो. भोकाचा काठ गोलसर, थोडा वेडावाकडा होतो आणि त्याच्याजवळचं चित्रही विसकटतं. छापल्यानंतर मधली चकती ठोकून काढली असेल तर भोक अचूक गोल राहतं आणि कड्यावरचं चित्र काठापर्यंत पूर्ण असतं. पूर्ण नाण्याचं वजन ७.७१ ग्रॅम आणि व्यास २७ मिलिमीटर. मधली चकती तिरपी फिरवून परत बसवलेली नाणीही दिसतात, म्हणून ठसा फिरल्याचा वर सांगितलेला निकष या नाण्याला लावू नये.

काटा आणि चुंबक

चुकीच्या चकतीवर छापलेलं नाणं खरोखर दुर्मिळ असतं, आणि तपासायला सोपं. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा आणि चुंबकाला चिकटणारा. तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं आणि न चिकटणारं. पाच रुपयांचं चित्र रुपयाच्या चकतीवर आलं असेल तर वजन आणि चुंबक दोन्ही रुपयाच्या बाजूने बोलतील, आणि रुपयाची चकती पातळ असल्यामुळे नाणंही नेहमीपेक्षा पातळ असेल. तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. नुसता रंग बदलला असेल तर त्याला काही अर्थ नाही. तांब्याच्या पैशाला पारा चोळला की तो चांदीसारखा दिसतो (पारा विषारी आहे, हे करून पाहू नये). वजन मात्र तांब्याच्या पैशाचंच राहतं.

आम्लात बुडवलेलं नाणं पुष्कळांना फसवतं. ते पातळ, हलकं आणि लहान होतं, म्हणून 'पातळ चकतीची चूक' म्हणून विकलं जातं. पण आम्ल सगळीकडून खातं. अक्षरं, किनार आणि कडेवरच्या खाचा सारख्याच झिजून मऊ होतात, आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं किंवा निस्तेज दाणेदारपणा येतो. खरोखर पातळ चकतीवर छापलेल्या नाण्याचा व्यास नेहमीएवढा असतो, कारण तो कड्याने ठरवलेला असतो.

देवघरातली आणि गळ्यातली नाणी

आपल्या घरांतल्या जुन्या नाण्यांना ज्या इजा झालेल्या असतात, त्या बहुतेक माणसांच्या वापराच्या आहेत. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया हे त्याचं उत्तम उदाहरण. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. असे रुपये कडी लावून गळ्यात घातले गेले. पुढे कुणीतरी कडी काढतं आणि रुपया पुन्हा नाणं म्हणून बाजारात येतो. राणीच्या डोक्याच्या वरची किनार भिंगाखाली धरा. तिथे चांदीपेक्षा पिवळट किंवा करडा असा डाखाचा पुसट पट्टा असतो. तो घासून काढला असेल तर बोटाच्या पेराएवढ्या भागातल्या खाचा गुळगुळीत झालेल्या असतात आणि बाकी सगळीकडे त्या शाबूत. राणीच्या गालाची झीज गळ्यातल्या वापराची असेल तर ती नाण्याच्या एकाच बाजूला जास्त असते, अंगाला लागून राहणाऱ्या. भोक बुजवलेल्या रुपयात बुजवलेल्या जागेची अक्षरं पुन्हा कोरलेली असतात आणि ती शेजारच्या अक्षरांपेक्षा अरुंद, खरखरीत दिसतात.

यातलं काहीच टाकसाळीची चूक नाही. तरी अशा रुपयाला मी 'खराब' म्हणणार नाही. कुणाच्या तरी आईचा तो दागिना होता.

पूजेच्या नाण्यांची गोष्ट जास्त दुःखाची. दरवर्षी चिंच, लिंबू किंवा पावडरीने घासून तांब्याची नाणी गुलाबी, चकचकीत केली जातात. प्रत्येक घासण्यात वरचा थर जातो, आणि त्यासोबत वर सांगितलेले सगळे पुरावे: पोत, झळाळी, ठशाच्या तड्याची बारीक रेघ. खरी चूक असलेलं नाणंही घासल्यानंतर सिद्ध करता येत नाही. पूजेला बसवायचं नाणं वेगळं ठेवावं आणि जुनी नाणी साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडी करावीत, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

शिवराईला हा नियम लागू नाही

आतापर्यंतचं सगळं यंत्रावर पाडलेल्या नाण्यांबद्दल झालं. शिवराई हातोडीच्या घावाने पाडलेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण दोन्ही मजकूर पूर्ण असलेली शिवराई हाती लागणं हेच भाग्य. छाप सरकलेला असणं, एखादं अक्षर बाहेर जाणं, नाणं गोल नसणं ही तिथे रीतच होती. शिवाय शिवराई पेशवाईतही दीर्घकाळ पाडली गेली, त्यामुळे अक्षरांची वळणं टाकसाळीगणिक बदलतात. मुघल आणि मराठा रुपयांचंही तेच. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून नाण्यावर मजकुराचा एखादा भागच येई. 'ऑफ-सेंटर एरर' म्हणून असं नाणं कुणी जास्त किमतीला देत असेल तर ते घेण्याचं कारण नाही.

जुन्या रुपयांवर छोटे ठोकलेले ठिपके, चंद्र, फुलं अशा खुणा दिसतात. त्या सराफांच्या. आत तांबं भरलेलं नाही ना, हे पाहून ते आपली खूण मारत. ही टाकसाळीनंतरची इजा खरीच, पण त्या नाण्याचा प्रवास सांगणारी, म्हणून अभ्यासकांना मोलाची.

यंत्राची नाणी मुंबई इलाख्यात यंत्राच्या टाकसाळीच्याही आधी आली. १७९१ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत, तराजूच्या चित्राचे तांब्याचे पैसे मुंबईसाठी वाफेच्या यंत्रावर पाडले गेले. १८२० च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली फोर्टमधली मुंबईची टाकसाळ बांधली गेली, आणि १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया आणला. यंत्रावरच्या चुकांचे निकष साधारण या काळापासूनच्या नाण्यांना लावावेत.

> हाती विचित्र नाणं आलं तर
> आधी घासू नका. त्याच प्रकारचं चांगलं नाणं शेजारी ठेवा.
> वजन करा, मग चुंबक लावा.
> तिरप्या उजेडात पाहा: संशयाची रेघ उंच आहे की खोल?
> कड पूर्ण फिरवून पाहा. बहुतेक बनावट कामं तिथेच उघडी पडतात.
> बिघाडाच्या बरोबर मागची आणि समोरची जागा तपासा.
> कोणत्या टप्प्यावर हे झालं असेल, ते एका वाक्यात सांगता येतंय का पाहा.

विकणारे आणि विकत घेणारे

चुकीच्या नाण्यांना किंमत मिळते, पण ती चुकीच्या प्रकारावर, ती किती ठळक आहे यावर आणि साल वाचता येतं की नाही यावर ठरते. छाप निम्मा सरकलेला, तरी साल दिसतंय, असं नाणं साल नसलेल्यापेक्षा जास्त मागितलं जातं. लाखोंचे आकडे सांगणाऱ्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी काही जण बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून शुल्क, कमिशन किंवा कर मागत होते. असे कोणतेही व्यवहार आपण करत नाही आणि त्यासाठी कुणाला अधिकारही दिलेले नाहीत, असं बँकेने स्पष्ट केलं. कुणी 'आधी नोंदणी शुल्क भरा' म्हणालं की तिथेच बोलणं थांबवावं. घरी नाणी वितळवण्याचा किंवा नष्ट करण्याचा प्रयोगही करू नये, २०११ च्या नाणे कायद्याने त्याला बंदी आहे.

विकत घेत असाल तर दोन्ही बाजूंच्या फोटोंबरोबर कडेचा फोटो आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. खरी क्लिप असेल तर समोरच्या किनारीचा जवळून घेतलेला फोटो, ब्रोकेज असेल तर खोल बाजूचा तिरप्या उजेडातला फोटो, ढेकूळ असेल तर मागच्या जागेचा. नाणी ओळखणारा विक्रेता हे न सांगताही पाठवतो, कारण त्याला स्वतःलाही आधी तेच पाहावं लागलेलं असतं.